कील ते येल्मेलांड : धक्क्याधक्क्याने सात दिवस

दिवस पहिला : कील

जर्मनीतल्या कील शहराच्या श्वेडेनकाई धक्क्यावरून संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला 'स्टेना जर्मॅनिका' स्वीडनमधल्या गोटेनबर्गला निघते. प्रवास रात्रभराचा. जहाज २००१ सालचं, २४० मीटर लांब, पोटात ट्रक आणि गाड्या, वर केबिनी. बाहेरून बाल्टिक समुद्रातल्या इतर फेरीबोटींसारखंच दिसतं. वेगळेपण इंजिनरूममध्ये आहे. २०१५ च्या सुरुवातीला पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या गोदीत हे जहाज मेथॅनॉल या अल्कोहोलच्या इंधनासाठी बदलून घेतलं गेलं. मेथॅनॉलवर चालणारी ही जगातली पहिली मोठी प्रवासी फेरी.

निमित्त गंधकाचं होतं. १ जानेवारी २०१५ पासून बाल्टिकमध्ये जहाजाच्या इंधनात ०.१० टक्क्यापेक्षा जास्त गंधक चालत नाही. स्वस्त जड तेल जाळायचं तर धूर धुणारा स्क्रबर बसवा, नाहीतर महाग डिझेल घ्या, नाहीतर इंधनच बदला. इथे इंधन बदललं. खर्च सुमारे २.२ कोटी युरो.

इंजिनं तीच ठेवली : चार, मिळून २४ मेगावॉट. सिलेंडर हेड आणि इंजेक्टर नवे आले. मेथॅनॉल आपणहून पेटायला फार नाखूश असतं, डिझेलसारखं नुसत्या दाबाच्या उष्णतेवर ते वेळेत पेट घेत नाही. म्हणून एकाच इंजेक्टरमधून आधी थोडं डिझेल फवारतात, ते पेटलं की त्याच ज्वाळेत सुमारे ६०० बार दाबाने मेथॅनॉल सोडतात. मेथॅनॉलची अडचण झाली तर इंजिन पुन्हा पूर्ण डिझेलवर येतं. प्रवासी जहाजाला ही सोय हवीच.

चार गोष्टी जपाव्या लागतात. पहिली, मेथॅनॉल पाण्यासारखं पातळ आणि त्यात वंगण अजिबात नाही. डिझेल स्वतःच पंपाचा प्लंजर (दट्ट्या) वंगवत असतं, हे तसं करत नाही. प्लंजर घासतो आणि फटीतून इंधन पाझरतं, म्हणून तिथे वेगळं सीलिंग ऑइल दाबाने द्यावं लागतं. दुसरी, ॲल्युमिनियम, जस्त आणि काही रबरांना ते खातं. डिझेलला वर्षानुवर्षं टिकलेली ओ-रिंग (सांध्यातलं रबरी कडं) इथे फुगते, मऊ पडते, आणि हे तपासणीच्या आधी गळतीतूनच कळतं. तिसरी, ११-१२ अंश सेल्सिअसलाच त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते. म्हणून इंजिनरूममधल्या नळ्या दुहेरी भिंतीच्या : आतल्या नळीत इंधन, मधल्या पोकळीत तासाला तीसदा बदलणारी हवा आणि वास घेणारा सेन्सर. चौथी गोष्ट सगळ्यांत फसवी. दिवसाउजेडी त्याची ज्वाळा जवळजवळ दिसत नाही, म्हणून आग शोधायला उष्णता पाहणारे कॅमेरे लागतात. साधा फोम त्यावर टाकला तर विरून जातो, अल्कोहोलला टिकणारा वेगळा फोम ठेवावा लागतो.

आता हिशेब. समजा चौदा तास सरासरी १२ मेगावॉट लागले, म्हणजे १६८ मेगावॉट-तास काम. इंजिनाची कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर डिझेल साधारण ३२ टन आणि मेथॅनॉल साधारण ६८ टन लागेल. घनफळात फरक सव्वादोन पटीहून जास्त. पण मेथॅनॉल साध्या तापमानाला द्रवच असतं, त्यामुळे जहाजाच्या तळातल्या बॅलास्टच्या (तोल राखायला पाणी भरायच्या) टाक्या रंगवून त्यातच ते भरता येतं. एलएनजीची, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूची, गोल, जागा खाणारी टाकी बसवावी लागत नाही. जुनं जहाज बदलायला मेथॅनॉल सोपं जातं ते यामुळे.

हेच काम बॅटरीवर करायचं ठरवलं तर? वाटेतला तोटा धरला आणि क्षमतेच्या ७० टक्केच वापरायची म्हटली, तर सुमारे २७० मेगावॉट-तासांची बॅटरी लागेल. मे २०२५ मध्ये टास्मानियात पाण्यात उतरलेल्या 'चिना सोरिया' या महाकाय विजेच्या फेरीत ४० मेगावॉट-तासांची बॅटरी आहे आणि तिचंच वजन २५० टनांच्या वर जातं. इथे तिच्या पावणेसात पट हवी. रात्रभराच्या मार्गावर बॅटरीची गोष्ट इथेच संपते.

दिवस दुसरा : गोटेनबर्ग ते मॉस

सकाळी सव्वानऊच्या सुमाराला जहाज गोटेनबर्गच्या मायनाब्बे धक्क्याला लागतं. इंधनाचा खरा प्रश्न इथे, धक्क्यावर, उभा असतो. मेथॅनॉल टँकर ट्रकने भरायचं तर प्रत्येक ट्रकला तीच उजळणी : आधी अर्थिंगची तार, मग नळी जोडणं, नळीतली हवा नायट्रोजनने हाकलणं, दाब धरून गळती बघणं, मग हळू वेगाने सुरुवात आणि सगळं ठीक दिसलं की वेग वाढवणं. संपल्यावर पुन्हा नायट्रोजन. नळीचा जोड असा असतो की ओढला गेला तर दोन्ही बाजू आपोआप बंद होतात. वर काढलेल्या ६८ टनांना अडीच-तीन मोठे ट्रक पुरतील, पण एकाच खेपेला.

शिवाय ते मेथॅनॉल आलं कुठून? नैसर्गिक वायूपासून बनवलेलं असेल तर विहिरीपासून धुराड्यापर्यंतचा सगळा कार्बन मोजल्यावर ते डिझेलपेक्षा किंचित वाईटच ठरतं. गंधक जातं, काजळी जाते, नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात, पण कार्बन राहतो. जैविक कचऱ्यापासून किंवा हिरव्या (स्वच्छ विजेने पाण्यातून काढलेल्या) हायड्रोजनपासून बनवलं तरच ते कामाचं. २०२१ मध्ये याच जहाजात पोलादाच्या भट्टीतल्या वायूंपासून बनवलेलं मेथॅनॉल वापरून पाहिलं गेलं. तसं मेथॅनॉल रोज, ठरलेल्या दरात धक्क्यावर मिळणं अजून दुर्मीळ आहे. जहाज २०१५ पासून तयार आहे, धक्का नाही.

गोटेनबर्गहून ऑस्लोच्या दिशेने गेलं की ऑस्लोफ्योर्डच्या पूर्व काठावर नॉर्वेतलं मॉस लागतं. फ्योर्ड म्हणजे जमिनीत खोल शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. इथून पलीकडे होर्टेनला 'बास्टॉ इलेक्ट्रिक' जाते. मार्च २०२१ पासून सेवेत, दोनशे मोटारी, सहाशे प्रवासी, १० किलोमीटर, अर्धा तास. बॅटरी ४.३ मेगावॉट-तासांची आणि चार्जिंग ९ मेगावॉटपर्यंत. दहा मिनिटांत दीड मेगावॉट-तास भरता येतात. मात्र बॅटरीच्या क्षमतेच्या दुपटीहून जास्त दराने वीज आत ढकलताना सेल तापतात, म्हणून पाण्याने थंड होणाऱ्या बॅटऱ्या हव्यात, आणि बॅटरी दरवेळी तळापर्यंत न रिकामी करता मधल्या पट्ट्यातच वर-खाली खेळवायची. असं केलं तर दिवसाला कित्येक चार्जिंग झेलूनही ती दहा वर्षं काढते.

मॉससारख्या शहराजवळ ९ मेगावॉट मिळतात. खेड्यात काय करायचं, हे पाहायला पश्चिमेला जायचं.

दिवस तिसरा : ऑस्लो ते फ्लोम

दिवस आगगाडीत जातो. ऑस्लो-बर्गन मार्गावर मिरदालला उतरून फ्लोमची छोटी गाडी पकडायची. वीस किलोमीटरांत ती साडेआठशे मीटरहून जास्त उतरते. वाटेत च्योसफॉसन धबधब्यापाशी थांबते. या लाइनीला वीज पुरवायला त्याच धबधब्यावर वीजघर बांधलं होतं. नॉर्वेची बहुतेक वीज पाण्याची आहे, आणि विजेच्या फेऱ्यांचं गणित तिथूनच सुरू होतं. कोळशाच्या विजेवर हाच हिशेब बराच पातळ होतो.

दिवस चौथा : फ्लोम ते गुदवांगेन

'फ्यूचर ऑफ द फ्योर्ड्स' ही कार्बन फायबरची, ४२ मीटर लांबीची पर्यटक नौका. २०१८ पासून पूर्ण विजेवर. चारशे प्रवासी, १.८ मेगावॉट-तासांची बॅटरी, ४५० किलोवॉटच्या दोन मोटारी. फ्लोमहून निघून आउरलांड्सफ्योर्ड, मग वळण घेऊन नॅरॉयफ्योर्डमध्ये, दोन तासांनी गुदवांगेन.

नीट पाहिलं तर इथे एक त्रैराशिक मांडलेलं आहे. दोन्ही मोटारी पूर्ण जोराने दोन तास चालवल्या तर १.८ मेगावॉट-तास, म्हणजे अख्खी बॅटरी संपते. म्हणून तशा चालवत नाहीत. पाण्यात लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाने वाढते. वेग निम्मा केला की ताकद आठव्या हिश्श्यावर येते. वेळ दुप्पट लागत असल्यामुळे प्रत्येक मैलाची ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते. रुंद फ्योर्डमध्ये नौका १६ नॉट्सपर्यंत (तासाला १६ सागरी मैल) जाऊ शकते, पण अरुंद नॅरॉयफ्योर्डमध्ये हळू जायचं असतं, आणि तिथेच बॅटरी वाचते. विजेवरच्या नौकेचा कप्तान मीटर पाहून वेग ठरवतो. डिझेलच्या लाँचवर कुणी इतकं मोजत नाही, कारण तिथे उधळपट्टी लगेच दिसत नाही.

नॅरॉयफ्योर्डमध्ये शिरल्यावर कडे दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि नौकेचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. डेकवर धूर नाही, पायाखाली थरथर नाही. वरून पडणाऱ्या झऱ्यांचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येतो. हे २००५ पासूनचं जागतिक वारसा क्षेत्र आहे. १ जानेवारी २०२६ पासून नॉर्वेच्या या वारसा फ्योर्डांमध्ये १०,००० टनेजखालच्या प्रवासी जहाजांना धूर न सोडताच यावं लागतं. मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत आहे.

गुदवांगेन म्हणजे दरीच्या टोकाचं गाव, विजेची तार बारीक. एकदम मोठा भार टाकला तर गावातले दिवे मंदावतील. उपाय पाण्यावर तरंगतो आहे : ४० मीटर लांबीचा फायबरग्लासचा तरंगता धक्का, त्याच्या पोटात २.४ मेगावॉट-तासांची बॅटरी. ती गावच्या तारेतून दिवसभर सावकाश भरत राहते आणि नौका आली की थोड्या मिनिटांत तिला ओतून देते. घरावरच्या पाण्याच्या टाकीची युक्ती. नळ बारीक असला तरी टाकी भरलेली असेल तर बादली लगेच भरते. धक्का तरंगता असल्यामुळे नौकेबरोबरच वर-खाली होतो, त्यामुळे चार्जिंगच्या केबलला भरती-ओहोटीचा ताण पडत नाही.

दिवस पाचवा : ओप्पेदाल ते लाविक

बर्गनहून ई-३९ महामार्गाने उत्तरेला गेलं की रस्ता सोग्नेफ्योर्डच्या काठी ओप्पेदालला संपतो आणि पलीकडे लाविकला पुन्हा सुरू होतो. मधल्या ५.७ किलोमीटरांवर २०१५ मध्ये 'ॲम्पिअर' आली, मोटारी नेणारी जगातली पहिली पूर्ण विजेची फेरी. दोन सडपातळ तळांची (कॅटामरान) ॲल्युमिनियमची नौका, ८० मीटर, १२० मोटारी, ३६० माणसं. ४५० किलोवॉटच्या दोन मोटारी, एक मेगावॉट-तासाची बॅटरी, वीस मिनिटांची खेप, धक्क्यावर दहा मिनिटं. दिवसाला चौतीस खेपा.

एका खेपेला सुमारे १५० किलोवॉट-तास लागतात. एवढं कमी लागतं ते हलकं ॲल्युमिनियम आणि अरुंद तळांमुळे. नुसती बॅटरी टाकून ही गोष्ट साधली नसती. या मार्गावर तेवढंच काम करणारी डिझेल फेरी वर्षाला सुमारे दहा लाख लिटर डिझेल जाळते आणि २,६८० टन कार्बन डायऑक्साइड सोडते.

धक्क्यावर उभं राहून घड्याळ लावायचं. फेरी आली, रॅम्प पडला, मोटारी उतरल्या, नव्या चढल्या. याच दहा मिनिटांत चार्जिंग उरकायचं. १५० किलोवॉट-तास दहा मिनिटांत भरायचे तर ९०० किलोवॉट पुरतात. जोडणी आणि सोडवणीत चार मिनिटं गेली तर उरलेल्या सहा मिनिटांना १,५०० किलोवॉट हवेत. म्हणजे हाताने केबल ओढण्याचे दिवस गेले. प्लग यंत्राने खाली यायला हवा आणि बोट वाऱ्याने हलत असताना, बर्फ साचलेलं असताना, डेक मोटारींच्या वजनाने हळूहळू खाली जात असतानाही त्याने खाच चुकता कामा नये. पहिल्या काही वर्षांतली सगळ्यांत मोठी डोकेदुखी बॅटरी नव्हती, हा प्लग होता.

दुसरी बारीक पण महत्त्वाची गोष्ट बोट धरून ठेवण्याची. फेरीबोट एरवी धक्क्याला टेकून पंखा चालू ठेवते, रॅम्पला ढकलत उभी राहते. डिझेलवर हे खपून जातं. विजेवर तसं केलं तर एकीकडून भरायचं आणि दुसरीकडून सांडायचं. म्हणून धक्क्यावर मोठे व्हॅक्यूमचे तळवे आहेत. बोट जवळ आली की ते तिच्या बाजूला चिकटतात, पंखे बंद होतात आणि मगच चार्जिंगचं पूर्ण दान पदरात पडतं.

इथेही गावची तार बारीकच. सुरुवातीला दोन्ही काठांवर २६० किलोवॉट-तासांची एकेक बॅटरी ठेवली. ती खेपेला लागणारे १५० देते आणि बोट पलीकडे जाऊन येईपर्यंत पुन्हा भरते. बोटीवरची मोठी बॅटरी रात्री सावकाश काठोकाठ भरली जाते.

कोकणातली दाभोळ-धोपावे फेरीबोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल : छोटी खाडी, रॅम्पवर उतरणाऱ्या गाड्या, ठरलेल्या वेळा, दोन टोकांना दोन लहान गावं. दिघी-आगरदांडा तशीच, जयगड-तवसाळ तशीच. अंतरं तर याहून कमी. बॅटरीला यापेक्षा सोयीचा मार्ग मिळणार नाही, आणि वीज अधूनमधून जाणाऱ्या गावात काठावरची बॅटरी दुहेरी उपयोगाची. मात्र तीन गोष्टी नॉर्वेहून उचलून तशाच बसणार नाहीत. मुंबईकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं, त्यामुळे चार्जिंगचा मनोरा एक तर तेवढा उंच फिरणारा हवा किंवा गुदवांगेनसारखा तरंगत्या धक्क्यावर. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात व्हॅक्यूमचे तळवे गाळाने माखतील, रोज धुवावे लागतील. आणि फ्योर्डच्या गार पाण्याऐवजी तीस अंशांच्या पाण्याने बॅटरी थंड ठेवायची असल्यामुळे चिलर हवाच, त्याची वीज हिशेबात धरूनच बॅटरी मोजायची. हे तिन्ही प्रश्न सुटण्याजोगे आहेत, फक्त आराखड्यातच सोडवावे लागतात.

दिवस सहावा : बर्गन ते स्टावांगर

दक्षिणेला जाताना हालहेम-सांदविकवोग फेरी लागते. २००७ पासून या मार्गावर एलएनजीच्या फेऱ्या आहेत. गंधक नाही, काजळी नाही. पण मध्यम वेगाच्या, कमी दाबाने वायू घेणाऱ्या इंजिनात काही मिथेन सिलेंडरच्या कोपऱ्या-फटींत न जळता राहतं आणि धुराड्यातून तसंच बाहेर जातं. युरोपीय संघाच्या १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमात अशा दुहेरी इंधनाच्या इंजिनांसाठी ही गळती ३.१ टक्के धरतात. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटीहून जास्त तापवतं, त्यामुळे वाचवलेलं बरंचसं इथेच परत जातं. कमी भाराला गळती आणखी वाढते, आणि फेरी तर सारखी थांबते-निघते. बॅटरी जोडून इंजिन स्थिर भारावर ठेवणं हा त्यावरचा खरा उतारा.

याच पट्ट्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये 'इटरॉयनिंगेन' या हायब्रिड (इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या) फेरीच्या बॅटरीच्या खोलीत आग लागली. आग आटोक्यात आली असं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी खाली साठलेल्या वायूचा स्फोट झाला. सुरुवात थंड करणाऱ्या द्रवाच्या गळतीपासून झाली होती. तापलेले सेल ज्वाळा विझल्यावरही ज्वालाग्राही वायू सोडत राहतात, हे त्यातून सगळ्यांच्या ध्यानात आलं. म्हणून खोलीला थेट बाहेर सोडणारा वायूचा मार्ग हवा, आत वायूचा सेन्सर हवा, आणि बॅटरीची देखरेख करणारी यंत्रणा नेहमी जोडलेली हवी. ती तुटली तर प्रत्येक सेलचं तापमान कळत नाही आणि माणसं आंधळेपणाने दार उघडतात.

संध्याकाळी स्टावांगरच्या बंदरात 'मेडस्ट्राउम' दिसते. २०२२ ची, २३ नॉट्सने जाणारी विजेची जलद नौका, १४७ प्रवासी, बॅटरी दीड मेगावॉट-तासाची.

दिवस सातवा : येल्मेलांड

स्टावांगरच्या ईशान्येला येल्मेलांड, नेस्विक आणि शिपाविक या तीन धक्क्यांमध्ये 'हायड्रा' फिरते. ८२ मीटर, ८० मोटारी, ३०० प्रवासी. मार्च २०२३ पासून ती द्रव हायड्रोजनवर चालते, असं करणारी जगातली पहिली फेरी. वरच्या डेकवर ८० घनमीटरची टाकी, तिच्याजवळ प्रत्येकी २०० किलोवॉटचे दोन फ्युएल सेल (हायड्रोजन न जाळता त्यापासून थेट वीज करणारे), खाली १.३६ मेगावॉट-तासांची बॅटरी, शिवाय राखीव जनरेटर.

टाकी वर का, हे धक्क्यावरूनच कळतं. हायड्रोजन सगळ्यांत हलका, सुटला की वर पळतो. वर मोकळं आकाश असलं की धोका विरतो, छप्पर असलं तर तिथे साठतो. द्रव रूपात तो उणे २५३ अंशांवर असतो. एवढ्या थंडीत उघड्या नळीवर भोवतालची हवाच द्रव होते, आणि त्या थेंबांत ऑक्सिजनचं प्रमाण जास्त असतं. तेलकट डेकवर ते ठिबकले तर आगीला निमंत्रण. म्हणून नळ्या दुहेरी भिंतीच्या आणि मधे निर्वात. भरण्याची नळी साफ करायचाही क्रम आहे : आधी साध्या तापमानाला नायट्रोजनने हवा काढायची, मग कोमट हायड्रोजनने नायट्रोजन काढायचा, आणि मगच थंड द्रव सोडायचा. नायट्रोजन राहून गेला तर तो उणे २१० अंशांना गोठतो आणि व्हॉल्व्हमध्ये बर्फाचा खडा होऊन बसतो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, आणि नेमका तो हायड्रोजनचा.

फ्युएल सेल संथ, सारख्या भाराला खूश असतात. धक्क्यावरून सुटताना एकदम लागणारा जोर बॅटरी देते, सेल मागून तिला भरत राहतात. समुद्राच्या हवेतलं मीठ आत गेलं तर सेलमधलं पटल खराब होतं, म्हणून हवेचे गाळणे वेळापत्रकाने बदलायचे.

टाकीत वापरण्याजोगा हायड्रोजन सुमारे ४ टन, त्यात १३३ मेगावॉट-तास ऊर्जा. फ्युएल सेलमधून साधारण निम्मी वीज होते, म्हणजे साठच्या वर मेगावॉट-तास. 'ॲम्पिअर'च्या बॅटरीच्या साठ पट, एकाच टाकीत. पण हायड्रोजन येतो जर्मनीतल्या लॉइना इथून, ट्रकने. पाण्यापासून एक किलो बनवायला पन्नासहून जास्त किलोवॉट-तास, द्रव करायला आणखी दहा-बारा, आणि पंख्यापर्यंत पोचते सुमारे सोळा किलोवॉट-तासांची वीज. चार युनिट घालून एक हातात. बॅटरीत चारांतली साडेतीन परत मिळतात.

मग या छोट्या मार्गावर हायड्रोजन का? नॉर्वेच्या रस्ते खात्याने हा मार्ग शिकण्यासाठी निवडला. खरी गरज उत्तरेला, बोडो ते लोफोटेनमधलं मोस्कनेस, इथे आहे. शंभर किलोमीटर उघडा समुद्र, चार तासांच्या जवळपास प्रवास, हिवाळ्यात वादळं. त्या मार्गासाठी ११७ मीटरच्या दोन हायड्रोजन फेऱ्या बांधायला घेतल्या, आणि त्यांना दिवसाला पाच ते सहा टन हायड्रोजन लागणार. पण द्रव नव्हे, दाबून भरलेला, आणि तो बोडोच्याच आसपास बनवायचा असं ठरलं. लॉइनाहून रोज एवढे ट्रक आणणं जमणारं नव्हतं.